वाचक विचारतात : पाण्याची वाटी थोडी वर ठेवा

नमस्कार मंडळी. 'श्रद्धा आणि मुके जीव' या विषयावर प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं आणि पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळं मिळून इतके प्रश्न आलेत की दोन अंक त्यावरच काढता येतील. सगळे वाचलेत, एकूण एक. काही वाचून गलबलून आलं, एक पत्र तर दोन दिवस टेबलावरच पडून होतं कारण उत्तर काय लिहावं तेच कळेना, ते शेवटी घेतलंय. नावं कुणाचीच छापत नाहीये. चला, सुरू करू.

प्रश्न : ताई, वडील जाऊन वर्ष होतंय. त्यांच्या नावाने काहीतरी पुण्याचं करावं म्हणून पिंजऱ्यातले वीस पक्षी विकत घेऊन सोडायचं ठरवलंय. मुलगी म्हणते बाबा हे करू नका. जिवाला मोकळं करणं वाईट कसं असेल?

उत्तर : दादा, वडिलांच्या आठवणीने तुम्हाला कुणालातरी मोकळं करावंसं वाटलं यातच तुमचं मन कळतं. पण मुलगी बरोबर बोलतेय, तिचं ऐका.

तो पक्षी पिंजऱ्यात आला कुठून एवढंच आधी बघा. बहुतेक वेळा तो रानातून जाळं लावून धरलेला असतो, आणि धरलेला असतो तो कुणीतरी पुण्यासाठी विकत घेऊन सोडणार म्हणूनच. तुम्ही वीस घेतले की विकणारा पुढच्या आठवड्यासाठी आणखी वीस मागवणार. धरताना, कोंबून आणताना कितीतरी वाटेतच मरतात, ते आपल्याला दिसत नाहीत, दिसतो तो फक्त हातातून उडालेला. आणि तो तरी उडून जातो कुठे? पिसं झडलेली, अंगात ताकद नाही, थवा नाही, जागा अनोळखी, मग कावळे-घारी तरी धरतात नाहीतर तोच पकडणारा परत धरतो. कंबोडिया, थायलंड, तैवान इकडे देवळांबाहेर हा मोठा धंदाच झालाय आणि तिथले काही बौद्ध भिक्षूच आता लोकांना सांगतायत की हे थांबवा. भारतात तर रानातले पोपट, मुनिया असे आपले पक्षी पकडणं आणि विकणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मासे-कासवं सोडण्याचंही तेच, गोड्या पाण्यातला मासा खाऱ्या पाण्यात सोडला की तो मेलाच, आणि दुकानात मिळणारं ते कानाजवळ लाल पट्टा असलेलं अमेरिकन कासव तळ्यात सोडलं की तिथल्या मूळच्या कासवांचं खाणं आणि जागा हिसकावून घेतं.

ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायात अहिंसेबद्दल बोलताना अशा उलट्या दयेचं फार नेमकं वर्णन केलंय, झाडाच्याच फांद्या तोडायच्या आणि त्यांचं झाडाभोवती कुंपण घालायचं. 1290 सालचं आहे हे.

आणि जीव सोडण्याच्या प्रथेमागे जी गोष्ट सांगतात ती तर अगदीच वेगळी आहे हो. बौद्धांच्या सुवर्णप्रभास सूत्रात जलवाहन नावाचा वैद्याचा मुलगा आहे, त्याला आटत चाललेलं तळं दिसतं, दहा हजार मासे तडफडतायत. तो राजाकडे जाऊन वीस हत्ती मागून आणतो आणि हत्तींच्या पाठीवरून पाणी आणून तळ्यात ओततो, मग त्यांना खायलाही आणून घालतो. त्याने विकत काही घेतलं नाही, जिथे जीव मरत होता तिथे पाणी नेलं. तुम्हाला वडिलांच्या नावाने करायचंच असेल तर उंबराचं नाहीतर वडाचं रोप लावा आणि तीन-चार वर्षं जगवा, त्याच्या फळांवर पक्षी पिढ्यान्‌पिढ्या जगतील. ते जमत नसेल तर जखमी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या एखाद्या संस्थेला तेवढेच पैसे द्या. मुलीला सोबत घ्या, तिला विचारून करा.

प्रश्न : मी रोज पूजा करते. घरात उंदीर झाले म्हणून चिकट पॅड आणलं, त्यावर एक छोटं पिल्लू चिकटलं आणि रात्रभर चीं चीं करत होतं. सकाळी मी ते तसंच कचऱ्यात टाकलं, जिवंत होतं. आता पूजेला बसले की तोच आवाज कानात येतो. मला पाप लागलं का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. पापाचा हिशोब करणारी मी कोण, पण पूजेत तो आवाज ऐकू येतोय ना, त्याला दाबू नका. मला वाटतं पूजेत खरं काहीतरी घडतंय त्याचीच ती खूण आहे.

ते पॅड मात्र परत घरात आणू नका. त्यावर जीव पटकन मरत नाही, तासन्‌तास, कधी दोन-दोन दिवस तहान, भीती आणि थकव्याने मरतो, सुटायच्या धडपडीत कातडी सोलते, स्वतःचाच पाय चावतो. इंग्लंडने त्याविरुद्ध 2022 मध्ये कायदा केला आणि 2024 पासून तिथे साध्या माणसाला ते वापरायला बंदी आहे. चुकून पुन्हा कधी एखादा जीव अडकलेला दिसलाच, शेजाऱ्याकडे वगैरे, तर जाड कापडाने धरून चिकटलेल्या जागी खायचं तेल हळूहळू चोळा, सुटतो.

आता उंदीर घरात नको वाटणं यात काही वाईट नाही, त्यांच्या लघवीतून लेप्टोसारखे आजार होतात, घरात लहान मुलं असतील तर तुम्ही काहीतरी करायलाच हवं. जैन आचारधर्मात गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितलेत, संकल्पी म्हणजे ठरवून, मुद्दाम केलेली, आरंभी म्हणजे रांधणं-झाडणं अशा घरकामात होणारी, उद्योगी म्हणजे पोटापाण्याच्या कामात होणारी आणि विरोधी म्हणजे स्वतःचा बचाव करताना होणारी. पहिली पूर्ण सोडायची, बाकीच्या तीन गृहस्थाला पूर्ण सुटत नाहीत पण जेवढ्या कमी होतील तेवढ्या करत राहायच्या. जीवदयेत इतक्या बारीक जाणाऱ्या परंपरेने सुद्धा संसारी माणसाची अडचण ओळखलीय, हे मला फार धीर देणारं वाटतं.

मग करायचं काय, तर आधी भोकं शोधा. जिथून पेन्सिल आत जाते तिथून छोटा उंदीर येऊ शकतो. पाइपच्या कडेची फट, दाराखालची फट, तारेचा चोथा कोंबून वर सिमेंट लावा, धान्य झाकणाच्या डब्यात ठेवा, रात्री खरकटं उघडं ठेवू नका. हे न करता नुसते उंदीर धरत बसलात तर येतच राहतील. त्यानंतरही आत राहिलेला असेल तर पिंजरा लावा आणि तो दिवसातून दोनदा तरी बघा, विसरू नका, कारण विसरलेला पिंजरा त्या पॅडएवढाच क्रूर असतो. मारायचीच वेळ आली तर एका झटक्यात मरेल असा सापळा, तडफड नको.

प्रश्न : मी मांसाहार करतो आणि रोज तासभर जपही करतो. घरात बाकी सगळे शाकाहारी. सासूबाई म्हणतात, जीव खाणाऱ्याचा जप देव ऐकत नाही. खरंच माझ्या श्रद्धेला काही अर्थ नाही का?

उत्तर : महाभारताच्या वनपर्वातली धर्मव्याधाची गोष्ट सासूबाईंनाही वाचून दाखवा. कौशिक नावाचा ब्राह्मण झाडाखाली वेद म्हणत बसलेला, वरून एक बगळी त्याच्यावर विष्ठा टाकते, तो रागाने नुसतं वर बघतो आणि बगळी मरून पडते. इतकं तप आणि एका पक्ष्याएवढीही क्षमा नाही. पुढे एका घरची बाई त्याला सांगते की धर्म कळून घ्यायचा तर मिथिलेला जा, तिथल्या व्याधाला विचार. हा तिथे जातो तर तो व्याध दुकानात मांस विकत बसलेला! आणि त्या मांसविक्याकडून हा वेद शिकलेला माणूस धर्म ऐकतो. व्याध स्वतः प्राणी मारत नाही, स्वतः मांस खात नाही, आईबापाची सेवा करतो, आणि सांगतो की नांगरताना जमिनीतले किती जीव मरतात, चालताना पायाखाली किती मरतात, या जगात पूर्ण अहिंसक कुणीच नाही. तेव्हा जप ऐकला जातो की नाही हे दुसऱ्याच्या ताटाकडे बघून ठरवायचा अधिकार कुणाला नाही असं मला अगदी मनापासून वाटतं.

पण दादा, गोष्ट इथेच संपवून तुम्ही निवांत झालात तर तेही मला पटणार नाही. तोच व्याध आपल्या धंद्याबद्दल आनंदाने बोलत नाही, हे घोर कर्म आहे असं तो स्वतःच म्हणतो. तुम्ही जे खाता तो जीव कसा जगला हे एकदा तरी बघा. मांसासाठी वाढवलेली कोंबडी साधारण सहा आठवड्यांत कापायला जाते, वजन इतकं झपाट्याने वाढवलेलं असतं की कित्येकींचे पाय तो भार पेलत नाहीत. पिंजऱ्यातल्या अंड्याच्या कोंबडीला ए-फोर कागदाएवढीही जागा नसते, ती आयुष्यात एकदाही पंख पूर्ण पसरत नाही. हे बघितल्यावर जे वाटेल ते वाटू द्या आणि त्याप्रमाणे करा, कमी करा, काही दिवस सोडा, निदान ताटात टाकून देऊ नका. मी स्वतः मांस सोडून खूप वर्षं झाली पण सोडलं ते कुणाच्या टोमण्याने सोडलं नव्हतं, टोमण्याने मी उलट जास्त खाल्लं असतं.

आणि सासूबाईंना प्रेमाने एवढंच विचारा, भांडायला नाही हं, की दुधासाठी पाळलेल्या जनावराला नर वासरू झालं की पुढे त्याचं काय होतं. शाकाहारी घरालाही तो प्रश्न सुटत नाही. मलाही सुटलेला नाही.

याच्या जोडीला एका शेतकरी काकांनी विचारलंय की नांगरताना गांडुळं मरतात, फवारणीत किडे मरतात, मग आम्ही रोजचे पापी का. काका, वर व्याध काय म्हणाला ते तुमच्यासाठीच आहे. तुम्ही पिकवलेलं खाऊन बाकीचे आम्ही अहिंसेवर बोलतो, तेव्हा ते पाप असलंच तर खाणाऱ्या सगळ्यांत वाटलं जाईल. तुमच्या हातात आहे ते एवढं करा, पीक फुलावर असताना फवारणी टाळा, करावीच लागली तर संध्याकाळी मधमाश्या परतल्यावर करा, आणि बांधावरची झाडं-झुडपं जाळू नका.

प्रश्न : ग्रुपवर मोठा वाद झाला की सगळ्यात जास्त दया कोणत्या धर्मात आहे. तुम्ही काय सांगाल?

उत्तर : मी सांगेन की वाद घालण्याआधी एकमेकांच्या गोष्टी ऐका, कारण दुसऱ्या धर्मात याबद्दल काय आहे हे आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊकच नसतं.

हदीसमध्ये, म्हणजे मुहंमद पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात, एका माणसाची गोष्ट आहे. तहानेने कासावीस झालेला तो विहिरीत उतरतो, पाणी पितो, वर येतो तर एक कुत्रा तहानेने ओली माती चाटतोय. त्याला वाटतं, आत्ता मला झालं होतं तेच याला होतंय. परत खाली उतरतो, पायातल्या बुटात पाणी भरतो, बूट दातात धरून वर चढतो आणि कुत्र्याला पाजतो, आणि तेवढ्यावर त्याला क्षमा मिळते. लोक पैगंबरांना विचारतात की जनावरांचंही पुण्य मिळतं का, तर उत्तर येतं की ओलं काळीज असलेल्या प्रत्येक जिवाबद्दल मिळतं. मला यातला तो दातात धरलेला बूट विसरताच येत नाही, दोन्ही हात चढायला लागणार म्हणून दातात धरलेला. आणि दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट, मांजर कोंडून ठेवणारी बाई, तिने मांजराला खायला दिलं नाही आणि स्वतःचं स्वतः शोधून खायला सोडलंही नाही, त्यासाठी तिला नरक.

ज्यूंच्या तोरा या धर्मग्रंथात नियमच आहे की मळणीच्या बैलाला मुसकं बांधायचं नाही, तो ज्या धान्यावरून फिरतोय त्यातलं त्याला खाऊ द्यायचं, आणि आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी बैलाला आणि गाढवालाही सुट्टी. बुद्धाचे भिक्षू पावसाळ्यात एका जागी राहायचे त्यामागे कोवळे अंकुर आणि बारीक जीव पायाखाली येतात हे एक कारण होतं, आणि त्यांच्या मोजक्या वस्तूंमध्ये पाणी गाळायचं फडकं असायचंच. इंग्लंडमध्ये 1824 साली प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध पहिली मोठी संस्था निघाली ती आर्थर ब्रूम नावाच्या पाद्र्याच्या पुढाकाराने, संस्थेच्या कर्जापायी तो तुरुंगातही गेला, आणि त्याच्यानंतर ती ज्यांनी सांभाळली ते लुईस गॉम्पर्ट्झ ज्यू होते, घोड्यांना ओढायला लागतं म्हणून ते घोडागाडीत बसायचे नाहीत.

अशोकाचं मात्र मला वेगळंच कौतुक आहे. माणसांसाठी आणि जनावरांसाठी, दोघांसाठी औषधोपचाराची सोय केली हे त्याने शिलालेखात कोरलंय, ते आपण शाळेत शिकतो. पण पहिल्याच शिलालेखात तो हेही कोरून ठेवतो की माझ्या स्वयंपाकघरात आधी रोज लाखो प्राणी मारले जायचे, आता रोज दोन मोर आणि एक हरीण मारतात, हरीण तर रोज नाहीच, आणि पुढे हेही थांबेल. राजा असून अजून जमलेलं नाही ते दगडावर लिहून ठेवतो! ग्रुपवर हाच खेळ खेळा की, प्रत्येकाने आपल्या धर्मातली एक गोष्ट सांगायची आणि आपल्याला अजून काय जमलेलं नाही तेही सांगायचं.

प्रश्न : सासरे रोज पहाटे गॅलरीतून कबुतरांना भरपूर दाणे टाकतात. शेजारच्या काकूंना फुप्फुसाचा आजार झालाय, डॉक्टरांनी कबुतरांपासून लांब राहायला सांगितलंय. आणि घरी कामाला येणाऱ्या मावशी तापाने चार दिवस आल्या नाहीत तर यांनी पगार कापला. मी बोलले की म्हणतात तुला देवधर्म नाही.

उत्तर : अगं, तुझी घुसमट कळतेय. कबुतरांचं आधी सांगते. त्यांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ श्वासातून सतत आत गेली की काही जणांच्या फुप्फुसाला ॲलर्जीने सूज येते, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात त्याला, आणि ते लांबलं तर फुप्फुस कायमचं घट्ट होत जातं, मग माणूस दोन पायऱ्या चढला तरी धापा टाकतो. काकूही जीवच आहेत ना. शहरातल्या कबुतरांना आयत्या दाण्याची गरज नसते, ती आपलं शोधून खातात, आयतं मिळालं की फक्त संख्या वाढत जाते. एकदम बंद करायला लावू नकोस, म्हाताऱ्या माणसाचा पहाटेचा तेवढाच आनंद असेल, पण दाणे महिनाभरात कमी कमी करत थांबवता येतील, आणि त्यांच्या हातांना दुसरं काहीतरी दे, उन्हाळ्यात झाडाखाली पाण्याचं उथळ भांडं रोज धुऊन भरायचं काम फार चांगलं आहे. एकदा त्यांना काकूंना भेटायला घेऊन जा, काही बोलू नकोस, फक्त त्यांना काकूंचा श्वास ऐकू दे.

मावशींचं मात्र मी इतक्या सबुरीने सांगणार नाही. तापात चार दिवस न आलेल्या बाईचा पगार कापायचा आणि दाणे टाकून पुण्य जोडायचं हे एका घरात नांदू शकत नाही. गीतेच्या पाचव्या अध्यायात समदृष्टी सांगताना विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि त्या काळी समाजाने सगळ्यात खाली ढकललेला माणूस, हे सगळे एकाच ओळीत बसवलेत. एकनाथांची आपण फक्त गाढवाची गोष्ट सांगतो, रामेश्वराला न्यायचं गंगेचं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजलं ती, पण तापलेल्या वाळवंटात रडणारं, लोक शिवायलाही तयार नव्हते असं पोर त्यांनी कडेवर उचलून घेतलं ही गोष्टही त्यांचीच आहे. मावशींचे चार दिवसांचे पैसे तू स्वतः त्यांच्या हातात ठेव, आजच. सासऱ्यांना कळलं तर कळू दे.

प्रश्न : मी बारावीत आहे. देव मानत नाही पण रस्त्यावर जखमी जनावर दिसलं की राहवत नाही. आजी म्हणते हीच भक्ती. मला ते पटत नाही.

उत्तर : तुला नाही पटत तर नको म्हणू भक्ती, आणि आजीला म्हणू दे. जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंताने 1789 मध्येच लिहून ठेवलंय की जनावरांना विचार करता येतो का, बोलता येतं का हा प्रश्नच नाही, त्यांना यातना होतात का एवढंच विचारा. 2012 मध्ये केंब्रिजला आणि 2024 मध्ये न्यूयॉर्कला शास्त्रज्ञांनी मिळून जाहीर निवेदनं काढली, सस्तन प्राणी आणि पक्ष्यांना जाणीव असते याला भक्कम आधार आहे आणि किड्यांच्या बाबतीतही ती शक्यता उडवून लावता येत नाही असं न्यूयॉर्कच्या निवेदनात आहे. तू जखमी जनावर उचलताना आजीला सोबत घे, दोघांच्या हाताला एकच काम आहे. फक्त अनोळखी कुत्रा-मांजर चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायची, यात हयगय नको.

प्रश्न : आमचा कुत्रा चौदा वर्षांचा आहे. दोन्ही किडन्या गेल्यात. खात नाही, उठता येत नाही, तोंडात फोड आलेत. डॉक्टर म्हणतात आता शांतपणे झोपवू या. बाबा म्हणतात ज्याने जीव दिला तोच नेईल, त्याचे भोग त्याला भोगू दे, नाहीतर पुढच्या जन्मी राहिलेले भोगावे लागतील. बाबांचाच त्याच्यावर सगळ्यात जास्त जीव आहे. मी रात्री त्याच्या शेजारी जमिनीवर झोपते. मला कळत नाही काय करू.

उत्तर : बाळ, टेबलावर पडून होतं ते पत्र तुझंच.

आधी बाबांबद्दल. ते कठोर नाहीत, त्यांना भीती वाटतेय, त्याला सोडायची आणि आपल्या हातून पाप होण्याची, दोन्ही. पण भोगाची गोष्ट मला अशी दिसते की तीच खरी मानायची तर त्याला इतके दिवस सलाईन लावलं, गोळ्या दिल्या तेही त्याच्या भोगात लुडबूड केल्यासारखंच झालं. घरातलं पोर तापाने फणफणलं तर भोगू दे म्हणून आपण बसून राहत नाही. कर्माचा विचार माणसाने स्वतःचं दुःख सोसताना आधाराला घ्यावा, दुसऱ्याच्या दुःखाकडे बघताना घेतला की हात थांबतात.

1928 साली साबरमती आश्रमात एक वासरू असंच तळमळत होतं, कुशीवर वळवायचं म्हटलं तरी त्याला यातना व्हायच्या, उपचार संपले होते. गांधीजींनी खूप विचार करून डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन त्याला मुक्त केलं. केवढा गदारोळ झाला, अहिंसा शिकवणारा माणूस आणि वासराला मारतो, रागाची पत्रं आली. त्यांनी लपवलं नाही, स्वतःच्या साप्ताहिकात लिहून जबाबदारी घेतली. त्यांचं म्हणणं असं होतं की मारणाऱ्याच्या मनात राग किंवा स्वार्थ आहे की त्या जिवाचं दुःख संपवायचं आहे यावर हिंसा की अहिंसा हे ठरतं. ज्ञानेश्वरांनी दयाळू माणसाचं चालणं सांगताना मांजरीचं उदाहरण दिलंय, पिल्लाला तोंडात धरताना त्याला दात लागतात ते कसे, तसं त्याचं पाऊल जमिनीवर पडतं. दात तेच असतात ना गं. मला तुझ्या डॉक्टरांच्या सुईबद्दल तसंच वाटतं.

पण दुसरी बाजूही तुला सांगायला हवी. जैन आणि बौद्धांमध्ये कितीतरी जणांना हे मान्य नाही, ते शेवटपर्यंत जनावराजवळ बसतात, पाणी देतात, कानात नाम घेतात, श्वास आपणहून थांबू देतात. तोही प्रेमाचाच रस्ता आहे आणि बाबांना तोच हवा असेल तर त्यांना चूक म्हणू नकोस. फक्त मग दुखणं कमी करायचं औषध पूर्ण द्यायला हवं, मळमळीचं, फोडांचं, सगळं, आणि त्यानेही तो तळमळतच राहिला तर पुन्हा विचार करायला हवा.

डॉक्टरांना बाबांसमोर तीन गोष्टी विचार, त्याला आत्ता किती दुखतंय, ते औषधाने किती कमी होईल, आणि असेच राहिले तर किती दिवस. मग घरातल्या कॅलेंडरवर रोज रात्री दोघांनी मिळून खूण करा, आजचा दिवस त्याच्यासाठी बरा होता की वाईट. सलग वाईट खुणा दिसायला लागल्या की बाबांना तू काही सांगायची गरज पडणार नाही.

झोपवायचं ठरलं तर डॉक्टरांना घरी बोलावता येतं का बघ. आधी गुंगीचं औषध देऊन त्याला गाढ झोप लागू द्या असं आवर्जून सांग, मग शिरेतून भुलीचं औषध जास्त मात्रेत देतात आणि बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडे राहू शकतात, शेवटी एखादा खोल श्वास किंवा झटका येतो, लघवी होते, ते दुखणं नसतं, शरीराचं आपोआप होणं असतं. हे आधी माहीत नसलं की माणूस आयुष्यभर तेच आठवत राहतो. बाबांना त्याच्या डोक्याशी बसू दे, त्यांना जे नाम घ्यायचंय ते घेऊ दे.

आमच्याकडे सतरा वर्षांची मांजर होती. शेवटच्या महिन्यात ती वाटीत पंजा बुडवायची आणि पंजा चाटायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा चाटायची. आम्हाला वाटायचं म्हातारपणी खेळतेय, कौतुकाने फोटो काढले. बऱ्याच दिवसांनी कळलं की मान खाली करायला तिला दुखत होतं आणि तहान लागली की ती बिचारी एवढंच करू शकत होती. एक डबा उपडा घालून त्यावर वाटी ठेवली तर ती इतका वेळ पाणी प्यायली, इतका वेळ, की मी तिथेच खाली बसून रडले. मधले ते दिवस मी तिच्याकडे बघत होते पण तिला काय होतंय ते बघत नव्हते, हे मला अजून लागतं.

तुमचं काय ठरतंय ते ठरू दे, घाई करू नका आणि फार लांबवूही नका. किडनी गेलेल्या जनावराला तहान खूप लागते. आज घरी गेल्यावर त्याची पाण्याची वाटी त्याच्या तोंडापर्यंत येते का बघ, मान उचलवत नसेल तर स्वच्छ ओल्या फडक्याने त्याचे ओठ पूस, फोडांना न दुखवता, आणि हे काम बाबांना शिकव.